उसन्या खुर्च्यांची मंडळी

माझी धाकटी जाऊ नव्या वस्तीत राहायला गेली की सामान लावायच्या आधी शेजाऱ्यांकडे काहीतरी मागायला जाते. घरात असलं तरी मागते. तिला तसं करताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लाजेने अर्धी झाले. कोणाच्या दारात हात पसरायची आमच्या घरात पद्धत नाही. मी जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, पोरांच्या रांगाच्या रांगा जेवू घातल्या. वाढणं मला येतं, मागणं येत नाही. आणि ही बाई, चष्म्याच्या दुकानात चांगली नोकरी असलेली, नवऱ्याचा पगार वेगळा, शेजारणीला खुशाल म्हणते, "एक खुर्ची द्याल का? दुपारपर्यंत आणून देते."

या एका वाक्यावर तिने आजवर तीन-चार मंडळ्या उभ्या केल्या. मंडळी म्हणजे चर्चची इमारत नव्हे, चर्चची माणसं. इमारत तिच्या एकाही मंडळीला सुरुवातीला नव्हती. एक टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये जमायची, एक बंद पडलेल्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये. लोक आपले आपण जमायला लागले, एकमेकांच्या घरी जायला लागले, की ही बाडबिस्तरा उचलून पुढच्या वस्तीत. हे काम करणाऱ्याला वक्तृत्व लागतं, गोड गळा लागतो, असा माझा समज होता. हिच्याकडे दोन्हीची बोंब. ही गायला लागली की माझा दीर उठून खिडकी लावून घेतो.

खुर्चीची युक्ती तिला कोणी शिकवलेली नाही. आधी तीही आमच्या मोठ्या मंडळीतल्या लोकांबरोबर पिशव्या घेऊन दारोदार जायची. साबण, ब्लँकेट, मुलांना वह्या. असतील शिते तर जमतील भुते, या न्यायाने माणसं जमायची आणि पिशव्या संपल्या की पांगायची. मग त्या टायरवाल्याच्या शेडमध्ये एका रविवारी कमरेने अधू असलेला एक माणूस आला. त्याला बाकावर बसवेना. ही समोरच्या घरात धावली आणि खुर्ची मागून आणली. उपासना झाल्यावर परत द्यायला गेली, तर एरवी मान वर करून न बघणाऱ्या त्या घरच्या बाईने विचारलं, कोण बसलं होतं? हिने सांगितलं. पुढच्या रविवारी त्या बाईने त्याच्या कमरेची चौकशी केली. त्याच्या पुढच्या रविवारी खुर्चीबरोबर शेकायची रबरी पिशवी दिली.

"ताई, देणाऱ्यासमोर माणूस सावध होतो," जाऊ मला म्हणाली होती. "मागणाऱ्यासमोर तो घरमालक होतो."

मी म्हटलं, तत्त्वज्ञान नंतर सांग, आधी दार धर. कारण एक खुर्ची तेव्हा माझ्या डोक्यावर होती.

आमचे हे गेले आणि मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हाची ही गोष्ट. ती आणि दीर नुकतेच या वसाहतीत आले होते. उंच नव्या इमारती, भिंतींना अजून रंगाचा वास, आणि लिफ्टमध्ये शिरलेला प्रत्येक जण मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभा. कोणाला कोणाचं नाव माहीत नाही. मला ते बरंच वाटलं. यांच्या जाण्यानंतर भेटायला येणाऱ्यांचा मला कंटाळा आला होता. ते सांत्वन करायला यायचे आणि मीच त्यांना चहा करून पाजायची. कशी आहेस म्हणून कोणी विचारलं की मी बशी पुढे सरकवायची. मला रडताना कोणी पाहिलं नाही, याचा मला अभिमानच होता म्हणा ना.

तळमजल्यावर रहिवाशांचा एक हॉल होता. कोपऱ्यात मोडकं टेबल-टेनिसचं टेबल, एक कुलूप लावलेलं कपाट, बाकी सगळी फरशी. रविवारी सकाळी तो रिकामाच असायचा, म्हणून समितीने आम्हाला वापरायला दिला. बसायला काहीच नव्हतं. दुसरी कोणी असती तर हिरमुसली असती. हिचा चेहरा फुलला.

मग दर रविवारी सकाळी आमची वरात जिन्यातून खाली यायची. कोणाची चाकांची ऑफिसची खुर्ची, कोणाचं उंच स्टूल, कोणाच्या बाल्कनीतली वेताची, कोणाच्या पोराची लाल, बुटकी. नियम कडक होते. ज्या घरची खुर्ची त्याच घरी, त्याच दिवशी परत जायची. पुसून जायची. एखादा स्क्रू ढिला असेल तर जाऊ पर्समधल्या पेचकसाने पिळून द्यायची, चष्म्याच्या दांड्या पिळते तसा. घरवाल्यांना उपासनेला या म्हणून आपण होऊन सांगायचं नाही. पण कोण बसलं होतं असं विचारलं, तर बसणाऱ्याची परवानगी घेऊन खरं ते सांगायचं. सुरुवातीला कोणी विचारायचं नाही. मग एकाने विचारलं, मग दुसऱ्याने. स्वतःच्या खुर्चीवर कोण बसून गेलं हे माणसाला कळायला हवं असतं, हे मला साठी आली तरी ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर क्रेनवाले काका राहायचे. जन्मभर बंदरात क्रेन चालवलेली. दिवसभर उंचावर काचेच्या खोक्यात एकट्याने बसायचं आणि खालच्या माणसांवर ओरडायचं, हा धंदा, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांना ओरडण्याखेरीज बोलता यायचं नाही. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. आम्ही बेल वाजवली तर त्यांनी साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

"कशाला पाहिजे खुर्ची?"

"बसायला," जाऊ म्हणाली.

"कोणाला?"

तिने सांगितलं, एक मुलगी आहे, बेकरीत काम करते, पाचवा महिना सरलाय. नवरा कामासाठी दूर असतो. बाकीच्या खुर्च्यांना हात नाहीत, तिला उठताना आधार लागतो. काकांनी दार लावून घेतलं. मी म्हटलं, चला, मिळाला प्रसाद. एवढ्यात साखळी वाजली आणि काका एक लाकडी, हातांची खुर्ची उचलून बाहेर आले. तिचे हात धरून धरून गुळगुळीत झाले होते. खुर्ची त्यांच्या बायकोची होती. एवढंच म्हणाले की ओढत न्यायची नाही, उचलून न्यायची.

त्या दिवशी परत द्यायला गेलो तेव्हा दार आधीच उघडं होतं. बसली का नीट? उठता आलं? पुढच्या रविवारी खुर्चीवर एक उशी बांधलेली. त्याच्या पुढच्या रविवारी निरोप, भट्टीजवळ उभं राहायचं काम करू नकोस म्हणावं. आणि त्या मुलीने खरंच मालकाकडून भट्टीचं काम बदलून घेतलं, काउंटरवर उभी राहायला लागली. मालकाने कारण विचारलं तर म्हणाली, आमच्या काकांनी सांगितलंय. या दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. ती कधी वर गेली नाही, ते कधी खाली आले नाहीत. मधे फक्त एक खुर्ची जिन्यावरून वर-खाली जात होती. मी थक्क व्हायचे. इतकी वर्षं मी चर्चमध्ये जाणारी, बायबल वाचणारी बाई, पण असं काही घडताना मी पाहिलं नव्हतं. असंच मजल्यामजल्यावर चाललं होतं. ज्यांना आमच्या उपासनेशी घेणंदेणं नाही तेही लिफ्टमध्ये विचारायचे, आमच्या स्टुलावरच्या पोराला काम मिळालं का हो? त्यातले काही जण आपली खुर्ची आपणच घेऊन खाली यायला लागले आणि येऊन त्यांनी काय करावं? तिच्यावरच बसले. जाऊने त्यांना चकार शब्दाने बोलावलं नव्हतं.

मग मोठ्या मंडळीचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, भेटीला आले. माणूस सज्जन, मनाने मऊ. त्यांनी पाहिलं तर एक धिप्पाड गृहस्थ पोराच्या लाल खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसलेले, आणि ढोलकीवाला ऑफिसच्या खुर्चीच्या गडगडत्या चाकांवर. साहेबांना भरून आलं. पुढच्याच आठवड्यात टेम्पो आला. एकसारख्या, मलई रंगाच्या, नव्या कोऱ्या खुर्च्या, एकीवर एक रचलेल्या, आणि सोबत एक स्पीकर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर देव पावला, माझी पाठ सुटली. जाऊ मात्र त्या चळतीवर हात ठेवून उभी राहिली. मग हसून आभार मानले. प्रेमाने दिलेलं नाकारायचं कसं?

खुर्च्या नसल्या तरी दारं आहेतच, आपण जात राहू, असं ती म्हणाली. पण काही मागायचं नसताना दुसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं अवघड असतं. एकदा जमतं, दुसऱ्यांदा पाय अडखळतो. शिवाय आता रविवारी स्पीकर लावा, वायरी जोडा, खुर्च्यांच्या रांगा सरळ करा, हीच गडबड. बेकरीवाली मुलगी बाळंतपणासाठी आईकडे गेली. मूल दिवसांआधी झालं, काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आम्ही सगळ्यांनी जीव मुठीत धरून प्रार्थना केल्या. मायलेकी सुखरूप परत आल्या तेव्हा हॉलमध्ये इतक्या जोराने गाणी झाली की माझ्या दिराने एकही खिडकी लावली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तळमजल्यावरच्या फळ्यावर तक्रार लागली. रविवारी हॉलमध्ये गोंगाट होतो, बाहेरची माणसं येतात, हॉल देणं बंद करावं. समितीची बैठक बोलावली होती. खाली बऱ्याच सह्या होत्या आणि पहिली सही क्रेनवाल्या काकांची.

जाऊचा चेहरा उतरला. हॉल गेला तर वसाहतीत दुसरी जागा नव्हती. आमच्याकडे येणारे बहुतेक पायी येणारे, म्हातारे, लेकुरवाळे. त्यांना लांब जमणारं नव्हतं. आधीच्या मंडळ्या ती सोडून आली होती ती त्या उभ्या राहिल्यावर. ही अजून रांगत होती. पाळकसाहेबांनी फोनवर सल्ला दिला की सगळ्यांना बैठकीला घेऊन जा, आपली संख्या दिसू दे. ती नको म्हणाली. मी, दीर आणि ती, एवढ्यांनीच जायचं. तिने स्पीकर बंद करायचं, वेळ बदलायचं, गाणी कमी करायचं, असं सगळं पाठ करून ठेवलं होतं. जेवणावरचं तिचं लक्ष उडालं होतं. मला तिची काळजी वाटली आणि काकांचा संताप आला. खुर्ची देताना उशी बांधायची आणि मग पाठीत वार करायचा, ही कुठली रीत?

बैठक त्याच हॉलमध्ये भरली आणि ज्यांनी आमच्याविरुद्ध सह्या केल्या होत्या ते सगळे आमच्याच मलई रंगाच्या खुर्च्यांवर बसले. बेकरीवाली मुलगी कोणी न बोलावता आली आणि बाळाला घेऊन मागे दारापाशी उभी राहिली. सेक्रेटरींनी तक्रार वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि आधी काकांनी बोलावं म्हणाले.

काका उठले. पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. त्यांचा नेहमीचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"मला एवढंच विचारायचंय," ते जाऊकडे बघून म्हणाले, "त्या मुलीचं काय झालं?"

सेक्रेटरी म्हणाले, कोणती मुलगी? विषय गोंगाटाचा आहे.

"हातांच्या खुर्चीतली. मी दर रविवारी खुर्ची पुसून दाराशी ठेवत होतो. कोणी आलं नाही. एक रविवार नाही, दोन नाही. मला वाटलं, काहीतरी वाईट झालंय, म्हणून सांगायला तोंड दाखवत नाहीत. आणि खाली स्पीकर लावून गाणी चाललेली. म्हटलं, कसली माणसं ही."

जाऊने पाठ केलेलं सगळं तिथेच गळून पडलं. ती कारणं देईल असं मला वाटलं. द्यायला भरपूर होती. तिने एकही दिलं नाही.

"चुकलं, काका," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

मागून बेकरीवाली मुलगी पुढे आली. खुर्च्यांच्या रांगांतून वाट काढत ती काकांसमोर उभी राहिली आणि दुपटं जरा बाजूला केलं.

"काका, मुलगी झाली."

काकांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तू ती?"

"हो."

"भट्टीपासून लांब राहिलीस ना?"

"राहिले."

काका खाली बसले. त्यांना रुमाल सापडेना. मुलीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा त्यांनी हात कुठे ठेवायचे म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी मान कशी धरायची ते दाखवलं. तेवढ्यात पाचव्या मजल्यावरची बाई उठली आणि म्हणाली, आमच्या स्टुलावरच्या पोराला मिळालं का काम शेवटी? तिच्या मागून एक जण म्हणाला, आमच्या वेताच्या खुर्चीवर त्या आजी बसायच्या, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, झालं का? मग कोणी नवऱ्याचं व्यसन सुटलं का विचारलं, कोणी परीक्षेचं. सेक्रेटरी टेबलावर पेन आपटत राहिले, कोणी ऐकेना. या लोकांपैकी निम्म्यांना आमचा देव माहीत नव्हता, आमची माणसंही माहीत नव्हती. तरी ते इतके दिवस न पाहिलेल्या माणसांचा घोर उराशी घेऊन बसले होते, आणि आम्ही प्रेमाने मिळालेल्या खुर्च्या मांडून त्यांची दारं बंद करून टाकली होती. जाऊ एकेकाकडे वळून उत्तर देत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या हॉलमध्ये देव होता. एवढं साधं वाक्य मी त्याआधी कधी मनापासून म्हटलं नव्हतं.

शेवटी सेक्रेटरींनी विचारलं, मग गोंगाटाच्या तक्रारीचं काय करायचं?

"कसला गोंगाट?" काका म्हणाले.

"तुम्हीच लिहून दिलाय."

"रागात माणूस काय वाटेल ते लिहितो. हळू बोला, पोर झोपलंय."

हॉल राहिला. स्पीकर मात्र बंद करायचं ठरलं आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद दिराला झाला. दुसऱ्या दिवशी जाऊने पाळकसाहेबांना फोन करून घडलेलं सगळं सांगितलं आणि नव्या खुर्च्या एखाद्या दवाखान्याला द्याव्यात म्हणाली. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, रविवारी मी येतो, कोणत्या मजल्यावरून उचलायच्या ते सांगा.

त्या रविवारी आम्ही पुन्हा दारोदार गेलो. काही दारं उघडली नाहीत, रुसवे एका बैठकीत जात नाहीत. पण बरीच उघडली. साहेब ती लाल बुटकी खुर्ची डोक्यावर घेऊन जिना उतरले आणि तिच्यावरच बसले. काकांची खुर्ची मी आणली. बेकरीवाली मुलगी आता कुठेही बसू शकत होती, त्यामुळे ती खुर्ची मोकळी राहिली. मी नेहमीप्रमाणे मागे चहाच्या टेबलापाशी उभी राहायला निघाले, तर जाऊने माझे खांदे धरून मला तिच्यात बसवलं.

"अगं, चहा कोण बघणार?"

"चहा कुठे पळून जात नाही, ताई. आज तुम्ही बसा."

मी बसले. त्या गुळगुळीत हातांवर हात ठेवून उपासना संपेपर्यंत बसले. काय गायलं, काय वाचलं, मला काही सांगता येणार नाही.

नंतर खुर्ची पुसली आणि उचलून तिसऱ्या मजल्यावर नेली. काका दारातच होते. त्यांनी खुर्ची माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि नेहमीचं विचारलं.

"आज कोण बसलं होतं?"

"मी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस मी त्यांच्या दारात येत होते, खुर्चीमागची बाई म्हणून.

"तुला काय झालंय?"

काही नाही, मी बरी आहे, हे माझ्या जिभेवर तयारच असतं. त्या दिवशीही होतं. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं नाही. खालून जाऊच्या हाका ऐकू येत होत्या, अजून बऱ्याच खुर्च्या पोचवायच्या राहिल्या होत्या. मी हाकेला ओ दिली नाही.

"काका," मी म्हणाले, "जरा बसू का इथे?"

त्यांनी खुर्ची उचलून आत घेतली आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. मी बसले. मग मी यांचं नाव घेतलं, मोठ्याने, ते गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि सांगायला लागले.